सात कार्डं, एक टेक्स्ट, दोन बिट

२०२२चा ऑगस्ट संपत आला होता. असेंब्लीहून वीस कार्डं परत आली. तेरा चालू निघाली, सात बंद. नवरात्र २६ सप्टेंबरला बसणार होतं, आणि बडोद्यात नवरात्र बसलं की संध्याकाळी सहानंतर फिटर मिळत नाही. पैसे दुप्पट दिले तरी मिळत नाही. म्हणजे आमच्या हातात जेमतेम चार आठवडे होते.

आमचं वर्कशॉप मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आहे. सहा माणसं, दोन खोल्या, एक हॉट एअर स्टेशन. आम्ही औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइनसाठी गोळ्या मोजण्याची कार्डं बनवतो. गोळी चॅनेलमधून पडते, सेन्सरच्या रांगेवर तिची सावली पडते, आणि कार्ड ती मोजतं. सावलीची रुंदी पाहून अर्धी तुटलेली गोळी वेगळी काढणं हेही त्याचंच काम. एका यंत्रात आठ कार्डं लागतात. ऑर्डर दोन यंत्रांची होती: सोळा कार्डं आणि चार स्पेअर.

कार्डाच्या मध्यभागी लॅटिस कंपनीचा ईसीपी५ घराण्यातला एफपीजीए आहे, म्हणजे आत हवं ते सर्किट घडवता येणारी चिप: एलएफई५यू-२५एफ. एफपीजीए वीज मिळते तेव्हा कोरा असतो. शेजारच्या फ्लॅश चिपमधून तो स्वतःची घडण बिट बिट वाचून घेतो आणि सगळं मनासारखं झालं की 'डन' नावाची पिन वर करतो. त्या पिनेवर आम्ही हिरवा दिवा लावला आहे. सात कार्डांवर तो दिवा लागत नव्हता.

आप्पांचं निदान पहिल्या पाच मिनिटांत झालं होतं. "बॉल बसले नाहीत. पावसाळी हवेत बीजीए असंच करतं." बीजीए म्हणजे पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे असलेली चिप. आप्पा तीस वर्षं सोल्डरिंग करतायत. त्यांच्या अंदाजावर आम्ही शंका घेत नाही, आणि बहुतेक वेळा घ्यावीही लागत नाही. दोन कार्डं पुन्हा तापवून झाली, दिवा लागला नाही. मग व्होल्टेज तपासली: कोअरला १.१, ऑक्झिलरीला २.५, पिनांना ३.३. तिन्ही बरोबर. मग मी बंद कार्डावरची फ्लॅश काढून चालू कार्डावर बसवली, ते कार्ड व्यवस्थित उठलं. चालू कार्डाची फ्लॅश बंद कार्डावर लावली, ते मेलेलंच राहिलं.

यावरून मी वहीत लिहिलं: फाइल बरोबर, फ्लॅश बरोबर, चिप किंवा सोल्डर खराब. त्या वहीतलं ते पान अजून आहे. 'फाइल बरोबर' हे वाक्य अर्धवट आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. फाइल कोणासाठी बरोबर?

तीन दिवस असेच गेले. बीजीएचा एक्स-रे काढायला कार्डं अहमदाबादला पाठवायची तयारी झाली. तेवढ्यात कलाभवनातून आलेला आमचा ट्रेनी (एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीला जुनी माणसं अजून कलाभवनच म्हणतात, सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये काढलेलं) जरा चाचरत म्हणाला, "ताई, चिपलाच विचारूया ना, तू कोण म्हणून?"

विचारण्याची सोय होती, पण आम्हीच ती बुजवून ठेवली होती. जेटॅगचे, म्हणजे चिपशी थेट बोलायच्या जोडणीचे, चार पॅड बोर्डावर होते. कनेक्टरचे पैसे वाचवायला तो लावला नव्हता आणि वर हीट सिंकची पट्टी आली होती. ट्रेनीने पट्टी सोडवली, चार बारीक वायरी जोडल्या आणि ओपनएफपीजीएलोडर या प्रोग्रामला डिटेक्ट करायला लावलं. बंद कार्डाने उत्तर दिलं: २११११०४३. चालू कार्डाने दिलं: ४११११०४३.

हे सोळाच्या पायातले आकडे आहेत, एकूण ३२ बिट. जेटॅगच्या ठरलेल्या रचनेत शेवटचा बिट नेहमी १ असतो, त्याआधीचे ११ बिट उत्पादकाचे, त्याआधीचे १६ भागाच्या क्रमांकाचे आणि सर्वांत वरचे ४ आवृत्तीचे. दोन्ही कार्डांत उत्पादक तोच आणि भागाचा क्रमांकही तोच, ११११. फरक फक्त वरच्या चारांत होता: एकीकडे ०१००, दुसरीकडे ००१०. सगळा मिळून दोन बिटांचा.

हीट सिंक उपटला. चिपवर लेसरने स्वच्छ लिहिलेलं होतं: १२एफ, म्हणजे आमच्या २५एफची धाकटी बहीण. सातही कार्डांवर तेच. चलन काढून पाहिलं तर त्यावर 'एलएफई५यू ६बीजी२५६सी' एवढंच, मधला आकडा गायब. चिपच्या टंचाईचे दिवस होते, मिळेल ते मिळेल त्या भावाने घेत होतो. विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "बेन, सेम ज छे. पिन टु पिन." पिनांच्या बाबतीत तो खोटं बोलत नव्हता. १२एफ आणि २५एफ एकाच जागी बसतात, म्हणूनच असेंब्लीत कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

टेक्स्टमध्ये काय असतं आणि काय नसतं

पुढचं कळण्यासाठी आमची फाइल कशी तयार होते ते सांगायला हवं. आम्ही लॅटिसचं स्वतःचं डायमंड सॉफ्टवेअर वापरत नाही, मुक्त साधनं वापरतो. व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचं लेखी वर्णन, योसिसमध्ये जातं. त्यातून निघालेली जोडणी नेक्स्टपीएनआर प्रत्यक्ष चिपच्या नकाशावर बसवतं आणि एक टेक्स्ट फाइल लिहितं. ही फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. वर चिपचं नाव, मग एकेका टाइलची, म्हणजे नकाशातल्या चौकोनाची, नोंद: अमुक ओळ, अमुक स्तंभ. त्या टाइलखाली तीन प्रकारच्या ओळी येतात. 'आर्क' म्हणजे ही तार त्या तारेला जोड. 'एनम' म्हणजे हा भाग या पद्धतीने चालव. 'वर्ड' म्हणजे हे बिट जसेच्या तसे भर.

वर्डचं सोपं उदाहरण चार इनपुटच्या तक्त्याचं, म्हणजे एलयूटीचं. चार इनपुटची सोळा जुळणी होतात, म्हणून सोळा उत्तरं. एक १ आणि त्यापुढे पंधरा शून्यं लिहिली की चारही इनपुट १ असतानाच होकार देणारं गेट तयार. ही फाइल वाचता येते, दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक काढता येतो, आणि निर्ढावलेला माणूस हाताने बदलही करू शकतो.

पण चिपला हे वाचता येत नाही. तिला बायनरी बिटस्ट्रीम लागते, आणि ते काम ईसीपीपॅक नावाचं छोटं साधन करतं. ते प्रोजेक्ट ट्रेलिसमधलं आहे. लॅटिसच्या धाकट्या आइस४० चिपसाठी आइसस्टॉर्म प्रकल्पाने २०१५च्या सुमारास जे केलं, तेच ट्रेलिसने ईसीपी५साठी केलं. हजारो छोट्या डिझाइन कंपनीच्या साधनातून काढायच्या, प्रत्येक वेळी कुठला बिट हलला ते पाहायचं आणि नावापासून बिटापर्यंतची यादी बनवायची. टेक्स्टमधली प्रत्येक ओळ त्या यादीत शोधून ईसीपीपॅक मोठ्या तक्त्यात शून्य-एक भरत जातं. २५एफच्या तक्त्यात ७,५६२ फ्रेम आहेत आणि एकेका फ्रेममध्ये ५९२ बिट, म्हणजे पावणेपंचेचाळीस लाखांहून जास्त घरं.

इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणूनच 'पॅक करणं' म्हणजे कपड्यांची बॅग भरण्यासारखं वाटतं: आत जे आहे तेच, फक्त घडी घालून. आमचीही समजूत तीच होती. प्रत्यक्षात ईसीपीपॅक तक्त्याभोवती चिपला द्यायच्या आज्ञांची एक माळ ओवतं. आधी मोकळ्या मजकुराचं डोकं. मग 'बीडी बी३'ने संपणारी खूण, जिच्यामुळे चिपला कळतं की आता खरं सुरू झालं. मग चेकसमचा, म्हणजे मजकूर बिघडला का ते ओळखायच्या आकड्याचा, हिशेब शून्यावर आणणारी आज्ञा. मग ओळखपत्र तपासण्याची आज्ञा आणि तिच्यापुढे ते ३२ बिट. मग नियंत्रणाचं रजिस्टर, आणि त्यानंतर फ्रेम. एकेका फ्रेममागे दोन बाइटचा सीआरसी (तोच चेकसम) आणि एक रिकामा बाइट. शेवटी 'डन'.

ओळखपत्र तपासण्याच्या आज्ञेपाशीच आमची सात कार्डं अडत होती. फाइल म्हणत होती, मी ४११११०४३साठी आहे. चिप म्हणत होती, मी २११११०४३. पुढचा एकही बाइट न स्वीकारता ती थांबायची. जेटॅगवरून स्टेटस रजिस्टर वाचलं तेव्हा त्यात एररचा कोड १ होता, म्हणजे आयडी चुकला. चिप पहिल्या दिवसापासून हे सांगत होती. आम्ही तिला विचारण्याऐवजी तिच्याखालचे बॉल तपासत बसलो.

दोन बिट हाताने बदलले तर?

ट्रेनीने रात्री घरी बसून हा प्रयोग केला आणि सकाळी फाइल घेऊन आला. हेक्स एडिटरमध्ये ओळखपत्राच्या आज्ञेपुढचा ४१ खोडून २१ केला होता. मुलगा खुशीत होता. मी त्याला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की चालेल.

फाइल चालली नाही, पण स्टेटसमधला कोड १वरून ३ झाला. ३ म्हणजे सीआरसी चुकला.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेली ती ही दोन मिनिटं. सीआरसीचा हिशेब फ्रेमपासून सुरू होत नाही, शून्यावर आणण्याच्या आज्ञेपासून सुरू होतो. ओळखपत्राचे बाइट त्याच्या आत येतात आणि पहिल्या फ्रेममागच्या दोन बाइटांत त्यांचा अंश उतरलेला असतो. ओळखपत्र बदललं आणि ते दोन बाइट जुनेच ठेवले की चिप दुसऱ्या दारात अडवते. तो सीआरसीही हाताने काढता आला असता, बहुपदी ठाऊक आहे, ८००५. पण जे काम ईसीपीपॅक डोळे मिटून करतं ते हेक्स एडिटरमध्ये करायचं कशाला? टेक्स्ट हाताशी असताना बायनरी दुरुस्त करणं म्हणजे छापून आलेल्या पत्रिकेवर पेनाने तारीख बदलणं.

मग सरळ मार्ग धरला. जुनं टेक्स्ट घेतलं, ईसीपीपॅकला आयडीकोडचा पर्याय देऊन २११११०४३ सांगितलं आणि नवी बिट फाइल काढली. जेटॅगवरून घातली, हिरवा दिवा लागला. आप्पा चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे माझं सोल्डर बरोबर होतं." दोन कार्डं विनाकारण तापवली, हे ते त्या दिवशी बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात बोलले.

फाइल खरंच तीच आहे ना, हे पाहायला ईसीपीअनपॅकने जुनी आणि नवी दोन्ही उलट उलगडून टेक्स्ट केली आणि फरक काढला. फक्त चिपच्या नावाची ओळ वेगळी निघाली. गंमत अशी की डोक्यातल्या मोकळ्या मजकुरात नव्या फाइलमध्येही '२५एफ' असंच लिहिलेलं राहिलं होतं. तो मजकूर माणसांसाठी असतो, चिप तो वाचत नाही.

एक सेकंद

संध्याकाळी सातही कार्डांच्या फ्लॅश भरल्या आणि चाचणीच्या चौकटीत बसवल्या. दिवे लागले. पण पीएलसीच्या, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाच्या, पडद्यावर अलार्म आला: कार्ड गैरहजर. तेरा जुन्या कार्डांना असं कधीच झालं नव्हतं.

पीएलसी वीज आल्यावर कार्डांच्या उत्तराची एक सेकंद वाट पाहतो. घड्याळ लावून पाहिलं तर नवी कार्डं दोन सेकंदांच्या जवळपास वेळ घेत होती. जुनी बिट फाइल सुमारे २ लाख ४० हजार बाइटची होती, नवी ५ लाख ८२ हजारांच्या वर. म्हणजे जुनी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) होती, नवी नव्हती. आणि ईसीपी५ला वेगळं काही सांगितलं नाही तर ते फ्लॅश २.४ मेगाहर्ट्झने वाचतं. ५ लाख ८२ हजार बाइटांचे साधारण ४६ लाख ६० हजार बिट होतात, त्यांना २४ लाखांनी भागलं की १.९४ सेकंद.

मग जुनी फाइल कुठल्या वेगाने वाचली जात होती? ज्याने ती बनवली तो सहकारी पुण्याला गेला होता, त्याची मेकफाइल, म्हणजे त्याने दिलेल्या आज्ञांची यादी, त्याच्याबरोबर. फोन करता आला असता. पण उत्तर बिट फाइलमध्येच सापडलं. नियंत्रण रजिस्टरच्या आज्ञेपुढे जुन्या फाइलमध्ये ४० ०० ०० ३८ होतं, नव्या फाइलमध्ये ४० ०० ०० ००. तो ३८ म्हणजे ३८.८ मेगाहर्ट्झ. दाबलेली फाइल त्या वेगाने वाचायला सुमारे पन्नास मिलिसेकंद लागतात.

वेग आणि दाबणं या दोन्ही गोष्टी त्याने ईसीपीपॅकच्या आज्ञेत टाइप केल्या होत्या. टेक्स्टमध्ये त्या नव्हत्या. आम्ही टेक्स्ट जिवापाड सांभाळलं होतं, तीन ठिकाणी बॅकअप ठेवला होता. पॅक करण्याची ती एक ओळ मात्र कुणीच ठेवली नव्हती. ओळखपत्राचंही असंच. टेक्स्टमध्ये चिपचं नाव असतं, आकडा ईसीपीपॅक आपल्या यादीतून घालतं. म्हणजे आमच्या दोन्ही अडचणी त्या टेक्स्टबाहेरच्या जागेतून आल्या होत्या.

आता पिनांच्या एलपीएफ फाइलमध्ये सिसकॉन्फिगची ओळ घालून वेग आणि कॉम्प्रेशन तिथेच लिहितो. नेक्स्टपीएनआर ते टेक्स्टमध्ये उतरवतं आणि ईसीपीपॅक तिथून वाचतं. हे आधी करायला कुणी बंदी घातली नव्हती.

चालतं म्हणून द्यायचं का?

सात कार्डं आता चालत होती. आमचं डिझाइन २५एफसाठी होतं: चौदा हजारांवर एलयूटी आणि ३८ मेमरी ब्लॉक. लॅटिसच्या डेटाशीटमध्ये १२एफला बारा हजार एलयूटी आणि ३२ ब्लॉक आहेत. म्हणजे चिप तिच्या कागदावरच्या मापापेक्षा जास्त काम करत होती.

ती करते, कारण ट्रेलिसच्या दृष्टीने दोन्हींचा नकाशा एकच आहे. नेक्स्टपीएनआरला १२एफ सांगितलं तरी ते २४,२८८ एलयूटी आणि ५६ ब्लॉक उपलब्ध दाखवतं. छंद म्हणून बोर्ड घेणाऱ्यांत हे गुपित नाही. क्रोएशियातल्या रेडिओनाचा यूएलएक्स३एस बोर्ड १२एफमध्येही मिळतो, आणि तो घेणारे लोक दुप्पट जागा आनंदाने वापरतात. घरच्या टेबलावर मीही वापरेन.

आप्पांचं मत स्पष्ट होतं. आठवडाभर चालवून पाहू, चाललं तर द्यायचं. ट्रेनी म्हणाला, डिझाइन छाटून बारा हजारांत आणू, मग काही प्रश्नच नाही. हा विचार मला पटला, आणि दोन दिवस आम्ही तेच केलं. आतला डीबगचा लॉजिक अ‍ॅनालायझर काढला, नोंदींचे बफर लहान केले. एलयूटी अकरा हजारांवर आल्या, ब्लॉक २९वर.

मग टेक्स्ट उघडून पाहिलं. टाइलच्या नोंदी नकाशाभर पसरलेल्या होत्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. संख्या बारा हजारांच्या आत आली, पण नेक्स्टपीएनआर त्या कुठेही बसवतं, आणि डेटाशीटमधले बारा हजार म्हणजे याच जागा असं कुठे लिहिलेलं नाही. वाचता येणाऱ्या टेक्स्टचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच. बायनरीकडे पाहून ही शंका कधी आली नसती.

ग्राहक औषधवाला होता. त्याच्याकडे कार्डावरची चिप बदलणं हा चेंज कंट्रोलचा विषय आहे: कागद, पडताळणी, सह्या. समजा सगळं लपवून दिलं आणि दोन वर्षांनी एका बाटलीत तीसऐवजी एकोणतीस गोळ्या निघाल्या, तर ऑडिटरसमोर मी काय सांगणार होते? की फोरमवरची पोरं वापरतात म्हणून आम्हीही वापरली? छाटलेली आवृत्तीही द्यायची नाही असं ठरलं, कारण तीही पडताळणी न झालेलीच. यावर आप्पा आणि मी तास-दीड तास वाद घातला. मध्ये शेव-उसळ आली, ती खाऊन पुन्हा घातला. शेवटी ते म्हणाले, "सही तुझी आहे, तू ठरव."

तेरा चालू कार्डं आणि गरज सोळांची. तीन कमी. वर्कशॉपच्या दोन चाचणी-चौकटींत आणि प्रदर्शनाच्या एका डेमोत जुन्या खेपेची २५एफ कार्डं होती. ती काढली, पुन्हा तपासली आणि यंत्रांत दिली. चौकटींत १२एफ बसवली. ग्राहकाला पत्र लिहून कळवलं की चार स्पेअर उशिरा मिळतील, आणि का तेही लिहिलं. त्यांच्या खरेदी विभागाने चार दिवस उत्तर दिलं नाही, मग एका ओळीत मान्यता आली. दोन्ही यंत्रं २३ सप्टेंबरला उभी राहिली. फिटर २४ला गायब झाले.

स्पेअरसाठीच्या २५एफ चिपा पुढच्या मार्चमध्ये आल्या. विक्रेता बदलला होता, पण सवय राहिली: हीट सिंक चिकटवण्याआधी आप्पा प्रत्येक चिप भिंगाखाली धरतात, तिच्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचतात आणि ट्रेनी ते वहीत उतरवतो. जेटॅगचा कनेक्टर आता प्रत्येक कार्डावर लागतो. चौकटींतल्या कार्डांवर लाल ठिपका आहे. तो पुसला गेला आणि कुणी त्यांत चुकून २५एफची फाइल भरली, तर हिरवा दिवा लागणार नाही.